जुळलं नाही म्हणून

अंबरपेठ, हैदराबाद
२६ जून २०२४

ती. कुसुमताईंस,
चारूचा नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. ओमू बरा आहे, म्हणजे परवा फोनवर सांगितलं तसाच आहे. रोज फोन होत असताना कागदावर कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण ताई, फोनवर आपण दोघी खरं बोलतच नाही. माझ्या दोन खोल्यांत ओमू सतत मांडीशी. मी बोलते ते सगळं ऐकतो आणि नंतर विचारतो, प्लेटलेट आठ हजार म्हणजे कमी का जास्त. मेसेज करावा तर माझा फोन दिवसभर कार्टूनसाठी त्याच्या हातात, आणि तुमचा श्रुतीच्या हातात. म्हणून हे तुमच्या शाळेच्या पत्त्यावर टाकते. उत्तर घरीच पाठवा. ओमूला मराठी वाचता येत नाही.

श्रुतीला तुम्ही उदगीरला नेल्याला आज सतरा दिवस झाले. त्या गडबडीत मी तुम्हाला धड काही सांगितलं नाही, ते आज सांगते.

फेब्रुवारीत ओमूच्या नडग्यांवर जांभळे डाग दिसायला लागले. मला वाटलं, शाळेत कुणी मारतं. मी त्याच्या बाईंशी जाऊन भांडले. पुढच्या आठवड्यात नाकातून रक्त सुरू झालं ते दोन तास थांबेना, तेव्हा दवाखान्यात नेलं. हाडांमधला जो मगज रक्त तयार करतो तो त्याच्या अंगात जवळजवळ बंद पडलाय. कॅन्सर नाही, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. हा आजारही तितकाच मोठा आहे, हे मग हळूहळू कळलं.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे सख्ख्या भावंडाचा मगज. पण तो जुळायला लागतो. मे महिन्यात श्रुतीचं रक्त तपासायला दिलं. चारात एक अशी शक्यता, हे मॅडमनी सांगितलं होतं, तरी मी जुळणार असंच धरून चालले होते. नाही जुळलं. आता दुसरा उपाय, सलाइनमधून औषध. बारा दिवस दवाखान्यात राहायचं आणि मग तीन महिने वाट बघायची. मी तिकडे राहिले तर दहा वर्षांच्या पोरीजवळ घरात कोण? शिवराज असते तर हा प्रश्नच नव्हता. ते गेल्यापासून चार वर्षांत मी असं कुणाला लिहिलं नव्हतं, आज लिहिलं.

किती दिवस ठेवायचं, असं तुम्ही आणि दाजींनी एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मला माहीत नाही.

तुमची,
चारू


उदगीर
४ जुलै २०२४

चि. चारू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिपायानं वर्गातच आणून दिलं. मुलांना पाढे लिहायला लावून वाचलं. शिवराज माझा पाठचा भाऊ. त्याचं लेकरू इतकं आजारी आणि मला हे कागदावरून नीट कळतंय, याचं वाईट वाटलं. पण तुझं बरोबर आहे. फोनवर मी 'सगळं ठीक' म्हणते तेव्हा श्रुती माझ्या तोंडाकडे बघत उभी असते.

तिची काळजी करू नकोस. माझ्याच शाळेत पाचवीत बसवलंय. मराठी वाचताना जोडाक्षर आलं की थांबते, पण हुशार आहे. सकाळी कुणी न उठवता उठते. स्वतःचा फ्रॉक धुवून वाळत घालते. हट्ट नाही, रडणं नाही. हे म्हणतात, असं गुणी लेकरू आपण बघितलं नाही. जेवताना दुसऱ्यांदा मागत नाही, तेवढं एक आहे. लाजत असेल. होईल सवय.

एक विचारू का? तू काय जेवतेस? परवा फोनवर स्वयंपाक झाला म्हणालीस आणि मागून सरोजम्मांचा आवाज आला, त्या तुला इडली देत होत्या. शेजारच्या बाईचं घ्यायला लाजू नकोस, पण माझ्याशी खोटं बोलू नकोस.

तुझी,
ताई


अंबरपेठ
१४ ऑगस्ट २०२४

ती. ताईंस,
नमस्कार.

औषधाचे बारा दिवस पार पडले. पहिल्या दिवशी त्याला इतकी हुडहुडी भरली की पलंग वाजत होता. आता घरी आहोत. ऑक्टोबरपर्यंत रक्त आपोआप वाढायला लागलं तर औषध लागू पडलं म्हणायचं. तोवर बाहेरच्या प्लेटलेटवर काढायचे दिवस. दर आठ दिवसांनी रक्तदाते शोधते. अनोळखी माणसांना फोन करते, आणि पलीकडचा माणूस 'आज जमणार नाही' म्हणाला की मी त्याला 'थँक्यू' म्हणते.

सकाळी तो उठायच्या आधी मी पांघरूण बाजूला करून त्याचे पाय बघते. नवे ठिपके मोजते. काल अकरा होते, आज सतरा. मोजून काय होतं ते मला माहीत नाही, पण मोजल्याशिवाय मला चहा गिळवत नाही.

मागच्या आठवड्यात मला सर्दी झाली. मला सर्दी म्हणजे त्याच्या जिवाला धोका. सरोजम्मा खालच्या मजल्यावरून डबा देतात, पण त्यांच्याही घरी खोकला होता. तीन दिवस तोंडाला दोन मास्क बांधून मीच त्याला भरवलं आणि बाकी वेळ दाराबाहेर बसून राहिले. तो आतून विचारायचा, 'मम्मी, तू आहेस ना?' मी म्हणायची, आहे.

आणखी एक सांगते, हसू नका. मी माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवली आहे. इंग्रजी, तेलुगू आणि हिंदीत. 'मला काही झाल्यास घरी आजारी मुलगा एकटा आहे, या नंबरवर फोन करा.' शिवराज रस्त्यावर पडले तेव्हा तीन तास कुणाला कळलं नव्हतं, ते तुम्हाला माहीतच आहे. हल्ली सिग्नलला मी इतका वेळ थांबते की मागची माणसं ढकलून पुढे जातात.

ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस जाते. तारनाक्याच्या आमच्या प्रयोगशाळेत परवा मी एका नमुन्याच्या बाटलीवर दुसऱ्याची चिठ्ठी लावली. वेळेवर लक्षात आलं. तेव्हापासून माझं काम दुसरी मुलगी पुन्हा तपासते. खर्चाचं बहुतेक ऑफिसच्या विम्यातून होतं, त्यामुळे ही नोकरी मला सोडता येत नाही.

श्रुतीशी काल बोलले. हो, नाही, बरं, ओमूला दे. एवढंच. माझ्यावर रागावली आहे, का तुमच्याकडे रमली आणि मला विसरली? दोन्हीतलं मला काय आवडेल तेही कळत नाही.

चारू


उदगीर
२४ ऑगस्ट २०२४

चि. चारू,
आशीर्वाद.

श्रुती रमली आहे. तू उगीच परेशान होऊ नकोस. वर्गात कुणाशी भांडत नाही, चाचणीत तिसरी आली. बोलत कमी असेल, पण शिवराजही लहानपणी घुमाच होता.

माझ्या आणि यांच्या मनात एक आलंय. तिला दहावीपर्यंत इकडेच राहू दे. आम्हा दोघांना घर मोठं आहे. तुझा एका बाजूचा भार हलका होईल आणि ओमूकडे पुरं लक्ष देता येईल. दोन्हीकडे ओढ होऊन तू पडलीस तर दोघांचं काय? मी श्रुतीला विचारलं. ती म्हणाली, चालेल.

विचार कर.

ताई


अंबरपेठ
३० ऑगस्ट २०२४

ताई,

पत्र मिळालं. श्रुती माझा भार नाही. मी तिला थोड्या दिवसांसाठी तुमच्याकडे ठेवली आहे, दिलेली नाही. तिला विचारायच्या आधी मला विचारायला हवं होतं.

वर एक ओळ लिहून खोडली आहे. ती वाचायचा प्रयत्न करू नका.

चारू


उदगीर
३ ऑक्टोबर २०२४

चि. चारू,

खोडलेली ओळ मी वाचली. उजेडात धरली की दिसते. मला मूल नाही म्हणून मी तुझं घ्यायला बघते, असं तू लिहिलं होतंस. महिनाभर उत्तर दिलं नाही ते रागानं नाही. ती ओळ पुरती खोटी आहे असं मला म्हणता येईना, म्हणून.

पण आज लिहायचं कारण दुसरं आहे. नीट बसून वाच.

परवा शाळेत आरोग्य तपासणी होती. सरकारी दवाखान्यातली माणसं येऊन मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतात, दरवर्षीचं आहे. पाचवीची रांग लागली आणि श्रुती दिसेना. संडासात नाही, वर्गात नाही. मी सगळ्या शाळेत फिरले. पाण्याच्या टाकीमागे, भिंत आणि टाकीच्या फटीत ती उभी होती. दोन्ही हात फ्रॉकच्या आत घेतलेले. मला वाटलं, सुईला भ्याली. म्हटलं, अगं मुंगी चावल्यासारखं होतं, एका मिनिटाचं काम आहे.

ती म्हणाली, "आत्या, माझं रक्त नको बघू. ते नापास होतं."

मी विचारलं, कोण म्हणालं तुला असं. मग ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "हैदराबादला बघितलं तेव्हा जुळलं नाही. मम्मी डॉक्टरकडे रडली. मग मला इकडं पाठवली. इथं पण नापास झालं तर तुम्ही कुठं पाठवणार?"

चारू, चार महिने हे लेकरू माझ्या घरात अंग चोरून राहायलं आणि मी तुला गुणी म्हणून लिहीत राहिले. तीस वर्षं मुलं शिकवली मी. मागून खात नाही, भांडत नाही, रडत नाही, यातलं एकही मला कळू नये? तिला घरी ठेवून घेतलं नाही तर जायला जागा नाही, अशा समजुतीनं ती वागत होती. दहावीपर्यंत राहशील का, म्हणून मी विचारलं तेव्हा ती 'चालेल' म्हणाली ते ह्याचमुळं.

मी तिला पोटाशी धरून सांगितलं, तसं नाही. पण तिचा माझ्यावर विश्वास बसलेला दिसला नाही. हे तूच सांगायला हवंस, आणि फोनवर नाही. तू ओमूला सोडून कशी येणार ते मला कळत नाही. तरी कळवलं.

ताई


अंबरपेठ
१५ ऑक्टोबर २०२४

ती. ताईंस,
नमस्कार.

परवाच्या बुधवारी ओमूला सरोजम्मांपाशी ठेवून मी न कळवता दारात उभी राहिले तेव्हा तुम्ही काही न विचारता चहा ठेवलात. त्या ओळीबद्दल मला माफी मागायची होती. ती तिथं मागता आली नाही, इथं मागते.

तुम्ही आम्हा दोघींना गच्चीवर सोडून खाली गेलात. तिथं काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. ती माझ्यापासून हातभर लांब बसली. मी म्हटलं, श्रुती, रक्त जुळणं म्हणजे परीक्षा नव्हे, कुणाचे डोळे घारे असतात, कुणाचे काळे, तसं ते असतं. तू काही चुकवलं नाहीस. मग सांगितलं, माझंही तपासलं, माझंही पुरतं जुळत नाही, अर्धंच जुळतं.

तिनं फ्रॉकची कड बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "मग तुला कुठं पाठवणार?"

 मी तिला ओढून जवळ घेतलं. ती आली, पण लाकडासारखी. निघताना मी म्हटलं, ओमू बरा झाला की तुला न्यायला येते. ती म्हणाली, "आणि नाही झाला तर?" मी म्हटलं, तरी येते. तेव्हा पहिल्यांदा तिनं माझा हात धरला, बसच्या दारापर्यंत.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. जूनमध्ये तुम्ही तिला घेऊन इमलीबनच्या स्टँडवर बसमध्ये बसलात आणि बस हलली, तेव्हा मला हायसं वाटलं. आता एकच राहिला, एकाचं मी करू शकते, असं वाटलं. ती काचेतून माझ्याकडे बघत होती. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असेल का, हा विचार गेले आठ दिवस डोक्यातून जात नाही.

परत येताना बस जहीराबादला थांबली होती तेव्हा सरोजम्मांचा फोन आला. ओमूच्या नाकातून रक्त सुरू झालं होतं. त्या म्हणाल्या, "फिकर नक्को चारू, दामाद लेके जा रा दवाखाने को." पुढचे अडीच तास मी त्या बसमध्ये कशी बसले ते लिहिता येणार नाही. एकीकडे गेले तर दुसरीकडे हे. पोचले तर तो नाकात कापूस घालून बसला होता, हातात सलाइन. म्हणाला, "श्रुतीताईला आणलंस का?"

रक्त थांबलं. पण मॅडमनी त्याच दिवशी समोर बसवून सांगितलं, औषध लागू पडलेलं नाही. आता एकच वाट उरली आहे. माझा अर्धा जुळणारा मगज त्याला द्यायचा. धोका जास्त आहे, पण वाट बघण्यातही तेवढाच आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात करू म्हणतात. त्याला महिनाभर एका बंद खोलीत ठेवतात, सोबत एकच माणूस, त्यानंही बाहेर यायचं नाही. माझा मगज काढायच्या दिवशी मला भूल देणार, पुढे काही दिवस मला विश्रांती. मी विचारलं, त्या दिवसांत त्याच्याजवळ कोण? मॅडम फॉर्म बघत म्हणाल्या, वडील. मग त्यांनी वर बघितलं आणि त्यांनाच कसंतरी झालं.

ताई, तुम्ही याल का? शाळा आहे, श्रुती आहे, दाजी आहेत, सगळं मला कळतं. माझ्याकडे दुसरं नाव नाही.

आणि भुलीत मला काही झालं तर दोघांना एकत्र ठेवा. ओमू राहिला तर ओमूला आणि श्रुतीला. हे मी वेगळ्या कागदावर सही करून सरोजम्मांकडे ठेवलं आहे.

चारू


उदगीर
२७ ऑक्टोबर २०२४

चि. चारू,
अनेक आशीर्वाद.

येते. सहा आठवड्यांची रजा टाकली. मुख्याध्यापक कुरकुरले, पण सही केली. यांनी स्वयंपाक शिकायला घेतलाय. काल पिठलं केलं, श्रुतीनं खाऊन बघितलं आणि मीठ नाही म्हणून सांगितलं. तिनं कशाला तरी नावं ठेवली म्हणून मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन डोळे पुसले.

मीही तुला एक सांगायचं राहिलं आहे. दहावीपर्यंत ठेव म्हणून लिहिलं ते तुझ्यासाठी, असं मी म्हटलं होतं. माझ्यासाठीही होतं. संध्याकाळी ती ओट्यावर बसून वाचायची, अडखळायची, मी आतून शब्द सांगायची. त्याची मला चटक लागली. तू त्या ओळीत लिहिलंस त्यात तेवढं खरं होतं. आता बोलून टाकलं, संपलं.

बस सुटल्यावर हायसं वाटलं, असं तू लिहिलंस. दोन्ही हातांत ओझं घेऊन चाललेल्या माणसाला एक हात मोकळा झाला की हायसं वाटतंच गं. त्यात पोरीवरची माया कमी झाली असं नसतं. पण माझ्या सांगण्यानं तुझ्या मनातलं जाणार नाही, हेही मला कळतं.

श्रुतीनं विचारलं, "आत्या, तू ओमूकडे गेलीस आणि मग मामा पण गेले तर?" ती यांनाच मामा म्हणते. यांनी तिला सांगितलं, मी कुठंही जात नाही, माझे गुडघे दुखतात. ते तिला पटलं.

भुलीचं मनात आणू नकोस असं मी म्हणणार नाही. तू आणणारच. कागद सरोजम्मांकडे राहू दे. तू लिहिलंस ते वाचलं, मला मान्य आहे.

तुझी,
ताई


हैदराबाद, दवाखान्यातून
६ जानेवारी २०२५

ती. ताईंस,
नमस्कार.

आज सव्विसावा दिवस. तुम्ही दहा दिवस या खोलीत काढलेत आणि मग मी आत आले, तुम्ही बाहेर. दारात आपली गाठ पडली ती दोघींच्या तोंडाला मास्क, बोलायलाही मिळालं नाही. तुमचे डोळे इतके आत गेलेले मी कधी बघितले नव्हते.

तुम्ही गेल्यानंतरचे दिवस वाईट गेले. ताप उतरेना. तोंड आतून सोललं, पाणीसुद्धा गिळता येईना. रोज सकाळी रक्त नेत आणि दुपारी आकडा येई, शून्य. शून्य. शून्य. माझाच मगज त्याच्या अंगात घातला होता, तो रुजत नव्हता. मला राहून राहून श्रुती आठवायची. मीही आता नापास होते आहे, असं वाटायचं. दहा वर्षांच्या मुलीनं हे चार महिने एकटीनं सहन केलं, ते मला त्या खोलीत बसून समजलं.

बाविसाव्या दिवशी नर्स धावत आली. पांढऱ्या पेशी दिसल्या, थोड्याच, पण दिसल्या. काल वाढल्या, आज आणखी वाढल्या. मॅडम म्हणतात, रुजलं. अजून खूप काही बिघडू शकतं, असंही त्याच वाक्यात म्हणाल्या. मी पहिला अर्धा भाग धरून बसले आहे.

ओमूनं आज विचारलं, आत्या परत कधी येणार, तिला गोष्टी चांगल्या सांगता येतात. मी म्हटलं, मी सांगते की. म्हणाला, "तुझ्या गोष्टीत सगळे झोपतात."

श्रुतीला सांगा, मॅडम म्हणतात ते शंभर दिवस पार पडले की ती घरी येणार.

चारू


उदगीर
२० एप्रिल २०२५

चि. चारू,
आशीर्वाद.

ओमूला सोडून तुला न्यायला येता येत नाही, म्हणून हे उद्या सकाळच्या बसनं श्रुतीला घेऊन निघतायत. पत्र त्यांच्याच हाती देते.

तुला आधीच सांगून ठेवते. ती धावत येऊन तुझ्या गळ्यात पडेल अशी वाट बघू नकोस. दहा महिने लांब राहिलेलं लेकरू आहे. काल सामान भरताना ती मला म्हणाली, "आत्या, माझा पलंग कुणाला देऊ नको." मी हो म्हटलं. तुला वाईट वाटेल, पण नाही म्हणायला माझा जीव झाला नाही. परत यायला एक जागा आहे असं वाटलं तर ती तिकडे धीरानं राहील.

मी स्टँडवर जाणार नाही. शाळा आहे, असं तिला सांगितलंय.

ताई


अंबरपेठ
८ जून २०२५

ती. ताईंस,
नमस्कार.

दीड महिना झाला, पत्र लिहायला उशीर केला. रोज फोनवर तुम्ही विचारता, कशी आहे, आणि मी म्हणते, बरी. आज खरं लिहिते.

ओमूचं रक्त सहा आठवडे बाहेरच्या प्लेटलेटशिवाय टिकलं आहे. केस परत यायला लागलेत, मऊ, पहिल्यापेक्षा काळे. गुरुवारी पुन्हा तपासणी. दर तपासणीच्या आदल्या रात्री मी पुन्हा पांघरूण बाजूला करून त्याचे पाय बघते. हे आता कायमचंच असेल, असं मी धरून चालले आहे.

श्रुती आली तेव्हा तुम्ही म्हणालात तसंच झालं. तिनं माझ्या पाया पडून नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. पिशवी पलंगाखाली ठेवली आणि कपडे त्यातूनच काढायची, घालायची, परत त्यातच घडी करून ठेवायची. कपाटाचा खालचा कप्पा मी रिकामा करून ठेवला होता, तो रिकामाच राहिला. फ्रिज उघडायच्या आधी विचारायची. पंख्याचं बटण लावायच्या आधी विचारायची. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मम्मी, मी किती दिवस आहे?" मी म्हटलं, हे तुझं घर आहे. तिनं मान हलवली, शाळेत बाईंना हलवतात तशी. मी रोज सांगायची, रोज ती मान हलवायची. माझी मुलगी माझ्याच घरात माझी मर्जी सांभाळत होती, आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं. जास्त लाड केले तर आणखी पाहुण्यासारखं व्हायचं. ओरडले असते तर पिशवी उचलून निघाली असती.

काल दुपारी दोघं टीव्हीसमोर होते, मी ओट्याशी भेंडी चिरत होते. रिमोटवरून काहीतरी सुरू झालं. ओमूला वर्षभर कुणी नाही म्हटलेलं नाही, त्यामुळे तो फार चढून बसला आहे. त्यानं तिच्या हातातून रिमोट ओढला आणि म्हणाला, "हे माझं घर आहे. तू उदगीरला जा."

ताई, माझ्या हातातली सुरी थांबली.  आता ती उठणार आणि पिशवी काढणार, असं वाटून मी दाराकडे वळले.

तेवढ्यात श्रुती म्हणाली, "माझं पण घर आहे. तू दवाखान्यात जा."

बोलली आणि तिचं तोंड पांढरं पडलं. मी दारात उभी होते ते तिला दिसलं. ओमूनं जरा विचार केला आणि म्हणाला, "नक्को. तिथलं जेवण चांगलं नाही."

मला हसू यायला हवं होतं, पण सवयीनं माझ्या तोंडातून गेलं, "श्रुती, तो आजारी आहे ना, दे त्याला." वर्षभर हेच वाक्य मी सगळ्या जगाला सांगत आले आहे.

ती उठून उभी राहिली आणि माझ्यावर ओरडली. खालच्या मजल्यावर सरोजम्मांनाही ऐकू गेलं असेल. "तू सारखी त्याचीच बाजू घेतेस. मी आलेली तुला आवडतच नाही. मी पण आजारी पडते मग." आणि आतल्या खोलीत जाऊन दार आपटलं. भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.

मी दारापाशी गेले. कडी लावलेली नव्हती. ढकलून आत जावं असं वाटलं, पण नाही गेले. बाहेरच खाली बसले आणि म्हटलं, "खरं आहे. मी त्याचीच बाजू घेते. तुझ्यावर अन्याय होतो."

आतून म्हणाली, "मग घेऊ नको ना."

म्हटलं, "नाही घेणार. घेतली तर ओरड."

 ओमू माझ्या शेजारी येऊन बसला, रिमोट घेऊन. मग आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. ते दार फुगलं आहे, जोरात ओढल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे कळतं. मी जागची हलले नाही. ओमू काही बोलणार होता, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. ती आत कपडे लावत होती, रागारागानं, एकेक.

तुमची,
चारू